खलास

सालमी रस्त्यावर साठाव्या किलोमीटरला
अबू फलाहनं गाडी वाळूत उतरवली.
फेब्रुवारीचं ऊन. वारा बोचरा.
"खाली बघत चाल," म्हणाला, "पण शोधू नकोस."

शोधायचं काय, हेच मला ठाऊक नव्हतं.
आमच्याकडं अळंबीला छत्री असते, देठ असतो,
छत्रीच्या पोटात पाती असतात.
एखादीला पाती नसतातच, नुसती भोकं, स्पंजासारखी,
आणि बोटानं दाबली की ती निळी पडते
पाठीवरच्या वळासारखी.
अशीला हौसा हात लावू देत नाही.
वारुळाशेजारी बसून ती आधी वास घेते,
मग ठरवते.

इथं छत्री नाही, देठ नाही, वारूळ नाही.
एक खुरटं झुडूप, रुगरुग त्याचं नाव,
आणि त्याच्या बुडाशी टीचभर भेग,
जणू खाली कुणी कूस बदलली.
अबू फलाह उकिडवा बसला,
काठीच्या टोकानं भेग सैल केली,
बटाट्याएवढा गोळा माझ्या तळहातावर ठेवला.
पांढरा. "जुबैदी."
पुढचा काळपट, बोराएवढा.
"होबर. पाखरांना राहू दे."
तिसरा मी काढला. लालसर, वजनदार.
"हा?"
"खलास."

हात झटकन मागे आला माझा.
आमच्यात खलास म्हणजे माणूस गेला.
म्हातारा हसता हसता खोकत राहिला.
"अरे, नावच आहे त्याचं."

हौसाला फोटो पाठवला.
"हे कसलं भुईफोड? वास कसा आहे?"
ओल्या गोणपाटाचा, म्हटलं, थोडा कच्च्या शेंगांचा.
"थोडा म्हणजे किती?"
फोन नाकाशी धरला, मग त्या गोळ्याशी.
काय करतोय ते माझंच मला कळेना.

रात्री खोलीत मिठाच्या पाण्यात उकडले,
सोलले, तुपात परतले.
बिजू ताट घेऊन आलाच नाही.
मी खाल्ले. तिला कळवलं, खाल्ले.

साडेदहाला मिसकॉल.
अकराला मिसकॉल.
उचलायचा नाही, उलट एक द्यायचा,
एवढंच ठरलेलं.
तीनच्या पुढं कधीतरी डोळा लागला
आणि एक माझ्याकडून चुकला.

मग फोन वाजतच राहिला.
उचलला.
तिकडं उजाडलेलं, कोंबडा, बादलीचा आवाज.
बराच वेळ नुसता श्वास.
मग म्हणाली,
"चवीला कसा होता, ते सांगितलंच नाहीस."