लळिंगच्या पायथ्याशी

गाडी माझी नव्हती, हे आधीच सांगतो.
पुण्याच्या शोरूममधून इंदूरच्या एका डॉक्टरांच्या दारात
ती नेऊन उभी करायची, एवढंच माझं काम.
पाचशे साठ घोडे, हळदीसारखा पिवळा रंग,
आणि पोट रस्त्यापासून चार बोटं वर.

मालेगाव सोडलं तेव्हा काट्याशेजारी नऊ अंश.
झोडग्याला सात.
लळिंगच्या घाटात पाच, आणि त्याच्या बाजूला
एक इवलंसं बर्फाचं फूल पेटलं.
मी हसलो. धुळ्यात बर्फ!

तिसऱ्या वळणातून निघताना जरासा पाय दिला.
जरासाच.
मागची चाकं माझी राहिली नाहीत.

मे महिन्यात टायर ओरडतो तरी,
सुटण्याआधी चार शिव्या घालतो.
हा गप्प होता.
समोरचा किल्ला डावीकडे गेला,
मग पाठीमागे,
मग पुन्हा समोर येऊन उभा राहिला, काळा,
आणि गाडीचं तोंड मालेगावकडे.
पहाटेचे पावणेसहा. मागून ट्रक नव्हता.
नव्हता, एवढंच.

खाली पायथ्याला पऱ्हाट्यांची शेकोटी दिसली.
'गफूर पिंजारी टायरवाले',
पाटीवरचा ट अर्धा उडालेला.
कानटोपीतला माणूस उठला, मला काही विचारलं नाही,
मागच्या चाकाजवळ उकिडवा बसला
आणि रबरात नख रुतवून पाहिलं.
रुतलं नाही.
"हाई रबर उन्हाळानं शे, भाऊ.
थंडीमा दगड व्हई जास."

माहीत होतं मला.
कंपनीच्या पुस्तकात पान एकोणचाळीसवर छापलंय,
सात अंशांखाली या टायरवर विसंबू नये.
मऊ रबर खडीच्या दाण्यादाण्याला बिलगतं,
कडक झालं की नुसतं वरून जातं,
ओळख नसल्यासारखं.
घोडे कितीही असोत,
धरून ठेवायला चारच तळहात,
आणि तेही गारठलेले.
पान एकोणचाळीस मीच गिऱ्हाइकांना वाचून दाखवतो.

हवा तीन पौंड उतरलेली. त्यानं भरली.
मग चहाचा ग्लास माझ्या हातात दिला
आणि तो सरळ माझ्या बोटांतून निसटला.
फुटलेल्या काचेकडे आम्ही दोघं बघत राहिलो.
"पह्यले हात शेक," तो म्हणाला.

आत भिंतीवर, जॅक आणि पान्यांच्या मधोमध,
तात नसलेलं एक पिंजण.
वडिलांचं. शिंदखेड्याच्या बाजारात गाद्या भरायचे ते.
थंडीत कापूस मुका होतो, म्हणायचे,
आधी उन्हात टाक, मग तातेला लाव,
घाई केलीस तर गाठीच निघतील.

मी त्याला शर्यतीच्या गाड्यांचं सांगितलं,
की तिथे सुटण्याआधी चाकांना
विजेवर तापणाऱ्या रजया गुंडाळतात.
गफूरभाई इतके हसले की कानटोपी घसरली.
टायरले गोधडी!
बाप उगाच शिंदखेड्यात राहिला, म्हणाले,
आणि मग जरा वेळ पिंजणाकडे बघून गप्प.

साडेआठला ऊन तुरीच्या शेतावरून रस्त्यावर आलं.
बर्फाचं फूल विझलं होतं.
हवेचे वीस रुपये घेतले, ग्लासचे नाहीत.
पहिले दहा किलोमीटर, ते म्हणाले,
मागे बाळंतीण बसली आहे असं समजून चालव.

चालवली.
नरडाण्यापर्यंत उसाच्या ट्रॉल्या मला मागे टाकून गेल्या,
एका पोरानं वरून टाळ्या वाजवल्या.
तापीच्या पुलाअलीकडे थांबून
मागच्या चाकाला हात लावला.
कोमट.
नख रुतवून पाहिलं.

इंदूरला डॉक्टरांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या,
वाटेत काही त्रास?
नाही म्हणालो.
परतीच्या बसमधून तिसरं वळण नीट पाहिलं,
काळी रेघ कुठेच नव्हती.
थंड रबर खूणही ठेवत नाही.