तेराचा पाढा

मी लिफ्टमन. फोर्टात जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट,
लाकडी स्टूल, पितळी दांडा.
एकवीस वर्षं वर-खाली केली
एक पायरी न चढता.
आणि घर शिवडीला. तिसरा मजला, नुसता जिना.

दुर्वा दोन वर्षांची होती तेव्हा शेजारी विचारायचे,
जांभळं खाल्ली काय हो पोरीनं?
ओठ तसे. नखं तशी.
चार पायऱ्या झाल्या की उकिडवी बसायची,
गुडघे पोटाशी घट्ट,
जिन्यात काही सांडलंय ते शोधतेय अशी.
डॉक्टरांनी विचारलं, हे हिला शिकवलं कुणी?
कुणीच नाही.
रक्त कसं वळवून आणायचं
ते तिचं तिलाच उमगलं होतं.

पाचव्या वर्षी भोक बुजवलं, वाट रुंद केली.
छातीवर उभी रेघ आली, वहीच्या समासासारखी.
ओठ गुलाबी झाले, आम्ही पेढे वाटले
आणि तिला खांद्यावरच ठेवलं,
आणखी चार वर्षं.
पळू नको. लगोरी नको.
पीटीच्या तासाला वर्गात बसून फळा पूस.
गच्चीचं तर नावच नको.

मग परळला ब्लॉसम मॅडमनी लांब व्हरांड्यात
दोन नारिंगी शंकू मांडले.
सहा मिनिटं. इथून तिथे, तिथून इथे. पळायचं नाही, चालायचं.
बोटाला चिमटा, चिमट्यात लाल दिवा,
हिची आई भिंतीला टेकून, ओढणीचं टोक दातात.
तीनशे एक्क्याऐंशी मीटर.
मॅडमनी आकडा लिहिला, पेनाला टोपण लावलं,
म्हणाल्या, हृदय ठीक आहे हो.
पाय कोरे आहेत.

कार्ड मिळालं. आठवड्यातून पाच दिवस जिना.
कार्डावर दहा तोंडं, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत:
दम किती लागला ते बोट ठेवून सांगायचं.
दुर्वा रोज सांगायची, चार.
खाली उतरली तरी चार, वर आली तरी चार.
पाच म्हटलं की बसवतात
हे ती फार लहानपणी शिकली होती.

मॅडम हसल्या. मग आकडा राहू दे,
चढताना बोलायला लावा.
वाक्य तुटलं तर थांबा.
नाही तुटलं, तर तुम्ही मध्ये बोलू नका.

तिनं पाढा घेतला, तेराचा.
का, तर आमच्या जिन्याच्या प्रत्येक वळणाला
तेराच पायऱ्या आहेत.
नऊ वर्षं तिला घेऊन चढलो मी,
मोजल्या नव्हत्या कधी.

पहिल्या आठवड्यात तेरा त्रिकला तुटायचा.
गोमटेकाकूंच्या चपलांच्या मांडणीवर बसायची,
मी नखं बघायचो, ती हात मागे लपवायची.
गणपतीच्या सुमारास बावन्न.
दिवाळीत पासष्ट,
तेही एका हातात चकलीचा डबा.
आणि एका संध्याकाळी तेरा सक अठ्ठ्याहत्तर,
आणि लगेच बेल,
आणि दार उघडायला उशीर का म्हणून आईशी भांडण,
पूर्ण वाक्यात.

परवाच्या रविवारी बेल वाजली नाही.
मी मागून येत होतो, पाच किलो कांदे घेऊन.
आमच्या दारावरून तिच्या चपला पुढे गेल्या.
आत कुकरची शिट्टी झाली.
तेरा साती,
मी म्हणणार होतो, दुर्वा.
तोंड उघडलंही होतं.
एक्क्याण्णव, वरून आलं,
सबंध.
मग तेरा आठी चारोदरसे,
आणि गच्चीच्या गंजक्या कडीचा आवाज.

मी मधल्या वळणावर, एक हात भिंतीला,
पोपडा बोटांखाली चुरतोय.
ती कठड्यावरून वाकली.
मागे एवढा उजेड की तोंड दिसेना.
बाबा, शून्य ते दहा. किती?

कांद्यांची पिशवी हळूच खाली टेकवली.
म्हटलं,
चार.