शुभेच्छुक

रात्री अकराला अण्णांचा फोन.
उद्या साहेबांचा वाढदिवस, बारा बाय वीस,
उजाडायच्या आत दसरा चौकात लागला पाहिजे.
मी शटर अर्धं ओढून मशीन चालू करतो.
शाईचा वास आता भाकरीलाही येतो.

साहेब आधीच कापून ठेवलेत,
हात जोडलेले, केस काळे.
दरसाल त्यांना फक्त मागचं आभाळ बदलून द्यायचं.

मग खालचे गोल. एकतीस.
फोटो मोबाईलवर येत राहतात
आणि मी एकेकाच्या पाठीमागची भिंत पुसत जातो.

इंद्रजित चौगुले. शिरोलीच्या फाउंड्रीनं
दिवाळीला ब्रेक दिला, परत बोलावलं नाही.
नावापुढं काय लावू, विचारलं.
म्हणाला, लाव काय पण.
युवा उद्योजक लावलं.

सुयोग कांबळे पहाटे चारला रंकाळ्याला पळतो.
भरतीचं वय दोन महिन्यांनी हुकलं,
तरी पळतो.
कुत्रीसुद्धा भुंकायची थांबलीत.

सर्फराज मुजावरच्या फोटोत छातीवर पांढरी पट्टी,
नाव आणि तारीख :
तलाठ्याच्या फॉर्मसाठी काढलेला.
पट्टी तेवढी घालव भावा, असं खाली लिहिलंय.
घालवली. दोन क्लिक.
तारखेला तीन वर्षं झाली होती.

एकतिसावा मी.
डिप्लोमा, मेकॅनिकल, फर्स्ट क्लास.
तुझा पण टाक, बिलात धरू, अण्णा म्हणाले.
गेल्या वर्षीचं बिलही
त्यांनी असंच धरून ठेवलंय.

साहेबांनी माळावर नारळ फोडला होता,
पोरं बाहेर जाणार नाहीत म्हणाले होते.
त्या माळावर आता शेळ्या चरतात.
खोबरं मीही खाल्लेलं.
खोटं कशाला बोलू, गोड होतं.

पाच वाजता बांबूवर चढतो.
चौकात वारा लई.
फ्लेक्स फाटू नये म्हणून
ब्लेडनं चिरा द्याव्या लागतात जागोजाग.
साहेबांच्या अंगावर देता येत नाहीत,
मग खाली गोलांतनं देतो.

माझं थोबाड सांभाळ रं,
सर्फराज खालून ओरडतो, दोर धरून.
सांभाळतो.
माझ्याच गालावरनं ब्लेड ओढतो,
इंद्रजितच्या कपाळातनं, सुयोगच्या गळ्यापाशी.

वारा येतो, आमच्यातनं आरपार जातो.
साहेब हलतसुद्धा नाहीत.