आत ओढलेलं ‘यो’

ईसाल्मीचा वृद्धाश्रम. नोव्हेंबर.
दुपारी तीनलाच खिडक्या काळ्या.
आम्ही यंत्र नेलं: गुडघ्याएवढं, पांढरं,
डोळ्यांच्या जागी दोन मंद दिवे.
भुवया नकोत, हे चौथ्या बैठकीत ठरलेलं,
भुवयांनी ते कर्ज नाकारणाऱ्या माणसासारखं दिसे.

समोरचा बोलून थांबला की
शून्य पूर्णांक सात सेकंदांत उत्तर द्यायचं.
हा आकडा माझा.
त्यापायी माझे दोन हिवाळे गेले.

एमेली कौप्पिनेन, वय एक्क्याण्णव,
उमेदीत नदीतून ओंडके हाकायचे.
म्हणाले, “तळ्यावर बर्फ धरला नाही अजून.”
“हो का! आणखी सांगा ना!” यंत्र म्हणालं, वेळेवर.
त्यांनी त्याच्याकडे पाहिलं
दारात आलेल्या विक्रेत्याकडे पाहावं तसं,
आणि तोंड मिटलं ते थेट गुरुवारपर्यंत.

प्रश्नावली. एक ते सात.
यंत्र आपुलकीचं वाटलं? दोन.
ते तुमचं ऐकतं असं वाटलं?
“ऐकायला जागा कुठे ठेवतं ते?”
या उत्तराला रकाना नव्हता.
मी समासात लिहिलं, बारीक अक्षरात.

पिन्या इथलीच. ती म्हणाली,
आमच्याकडे हुंकार उलटा असतो,
‘यो’ म्हणायचं ते श्वास आत ओढत,
समोरच्याच्या बोलण्याचा एक घोट घेतल्यासारखं.
मी म्हटलं, याला फुप्फुसं नाहीत.
मग उसनी आणू, म्हणाली.

स्वयंपाकघरातल्या हिल्क्काबाईंना विचारून
बटाटे सोलता सोलता त्यांचं ‘यो’ टिपलं.
अठरा वेळा त्यांनी आमच्यासाठी म्हटलं.
एकोणिसावं फोनवर, मुलगा काही सांगत होता तेव्हा.
तेच घेतलं.
आणि माझा आकडा आधी चार केला,
मग नऊ,
मग पुसला.

पुढच्या भेटीची यंत्राने केलेली नोंद:
कालावधी एक्केचाळीस मिनिटं. संवाद अत्यल्प.
सहभागी व्यक्ती झोपली असण्याची शक्यता.

चित्रफितीत त्यांचे डोळे उघडे आहेत.
एक्केचाळीस मिनिटांत तीन वाक्यं.
पहिलं बर्फाबद्दल.
दुसरं अडकलेल्या ओंडक्यांबद्दल.
तिसरं धाकट्या भावाबद्दल, ते इथे लिहीत नाही.
त्यानंतर बराच वेळ फक्त रेडिएटर.
मग यंत्राने श्वास आत घेतला:
यो.

एमेली दचकले नाहीत.
“ही तर हिल्क्का,” म्हणाले,
“तिला सांगा, रात्रपाळी करू नकोस.”

ऐकतं का, याला त्यांनी सात दिले.
बाकीचे रकाने कोरे सोडले.
ते सात यंत्राचे, की हिल्क्काबाईंचे,
की त्या रेडिएटरचे, मला ठरवता आलं नाही.
अहवालात टाकले.
सरासरीत त्यांचे चार पूर्णांक दोन झाले.

निघताना हिल्क्काबाई हात पुसत बाहेर आल्या.
मार्चमध्ये मी निवृत्त होतेय,
ते माझं ‘यो’ इथेच राहणार का?

यालाही रकाना नाही.