ळ

यावल तहसीलच्या बाकावर
माझ्या मांडीवर तिघी बसल्यात :
रेशनकार्डातली मंगला,
दाखल्यावरची मंगळा,
बँकेच्या मशीननं छापलेली मंगाला.

आमच्याकडे ळ नावात टिकत नाही,
त्याचा य होतो, केळीची केयी होते तशी.
ळ आम्ही गाळीसाठी राखतो.
गाडी म्हणायचंय मला.

शंभराच्या स्टॅम्पवर वकील लिहितो :
उपरोक्त तिन्ही महिला एकच असून...
मी सही करते.
कुणाची, ते विचारत नाही तो.

माय गेली तेव्हापासून
मंगये, इकळे ये व, असं
कुणी हाकारलं नाही. ती चौथी.
कागदावर कधी आलीच नाही.

शिपाई दारातून पुकारतो : मंगया!
बाकावरच्या आम्ही दोघी उठतो.

तिच्या मांडीवर पाच.