मंगळवारचा खाडा

बडोद्यात मला सगळे मोहितेभाई म्हणतात.
घरात मराठी, बाजारात गुजराती,
पिंजऱ्यांपुढे काहीच नाही,
तिथे नुसतं बादलीचं कडं वाजवायचं.
सव्वीस वर्षं मांस तोलतोय.
बिबट्याला साडेतीन किलो, हाडासकट.
मंगळवारी खाडा.
डॉक्टरांचा नियम आहे, पोट साफ राहतं.
आमच्या आईला शेवटपर्यंत वाटायचं, गणपतीचा उपास.

चैत्रात झरमावडकडून तीन बिबटे आले,
अकरा दिवसांत, तीन सापळ्यांत,
तीन बकऱ्यांच्या जिवावर.
त्यातल्या एकानं माणूस खाल्लं होतं.
कोणत्या, ते कागदावर नव्हतं.
साहेब म्हणाले, एकाचा सुळा तुटलाय, बहुतेक तोच.
मग म्हणाले, तिघंही आता इथंच, मरेपर्यंत,
आणि चहा मागवला.

झीणकीबेन आली ती नेमकी मंगळवारी.
छोटाउदेपूरची पहाटेची एसटी,
डेपोपासून विचारत विचारत चालत,
पायात नवऱ्याच्या चपला.
हे लोकांनी बघायचं ठिकाण नाही, बेन,
असं मी तिला सांगत होतो
आणि फाटक उघडत होतो.

मी न विचारताच तिनं सांगितलं,
भाजीचा भाव सांगावा तसं:
मोहाची फुलं वेचायला निघालो होतो. अंधार होता.
मी पुढे, रंगली मागे.
ती गात होती.
मग गात नव्हती.
मी वळले तर टोपली होती.

बिबट्या हा शब्द तिनं एकदाही तोंडात घेतला नाही.
पेलो, म्हणायची. तो, तिकडचा.

पदराखालून तिनं फ्रॉक काढला.
त्या दिवशीचा नाही, तो पोलिसांकडे आहे.
हा खुंटीवर राहिलेला, न धुतलेला,
खिशापाशी मोहाचा डाग.
म्हणाली, वास दे त्यांना.
ओळखेल तो उठेल.

पहिला झोपला होता. शेपूट एकदा हलली,
पण माशी होती.
दुसऱ्यानं भिंतीकडे तोंड केलं.
तिसरा, तुटक्या सुळ्याचा, उठला,
सरळ आला, जाळीला नाक लावून उभा राहिला.
तो माझ्या पावलांना असाच येतो.
बादली असो नसो, रोज येतो.
हे तिला सांगायला हवं होतं.
सांगितलं नाही.

ती बघत राहिली. मी घड्याळ बघितलं, मग बघणं सोडलं.
म्हातारा आहे, म्हणाली.
मग म्हणाली, काय घालता याला?
साडेतीन किलो. आज नाही.
तिनं ओठांत काहीतरी हिशेब केला:
आंगणवाडीच्या काट्यावर रंगली पंधरा भरली होती.
ताई म्हणाली, कमी आहे, अंडं देत जा.
अंगठ्यानं बोटं मोजू लागली.
चौथ्या बोटाशी आल्यावर अडली.

आणि हा आज उपाशी?
उपाशी.
नका ठेवू, ती म्हणाली. पेल्याला उपाशी नका ठेवू.
मी तिच्या तोंडाकडे पाहिलं.
दया होती म्हणावं तर नव्हती.
पाचच्या बसला तिला बसवून दिलं.
खिडकीतून तिनं मागे वळून पाहिलं नाही,
चपला काढून मांडीवर घेतल्या.

आषाढात पेपरात चार ओळी आल्या.
झरमावडच्या पलीकडच्या पाड्यावर,
संध्याकाळी, अंगणातून, सात वर्षांचा मुलगा.
साहेबांनी वाचलं. मी वाचलं.
पिंजऱ्यांवरचे कागद आहेत तसेच आहेत.

फ्रॉक ती विसरून गेली की ठेवून गेली, ठाऊक नाही.
काट्याच्या खोलीत आहे, वरच्या फळीवर,
पावसानं दमट झालाय.
मंगळवारी मला तिकडे काम नसतं.
तरी एक चक्कर होते, रिकाम्या हातानं.
तुटक्या सुळ्याचा येतो,
जाळीला नाक लावतो.