घडी

पहाटेचे अडीच. खिडकीच्या फटींना टेप लावलाय,
तरी शमाल आत येतोच, पिठासारखा.
मुअतसिम म्हणतो, आज नको, चिप पुन्हा तुंबेल.
चिप म्हणजे काचेवर चिकटवलेली पारदर्शक वडी,
तिच्या पोटात एक वाट, केसाहून बारीक.

मधून प्रथिन वाहतं, युरियात सैलावलेलं,
दोन्ही अंगांनी साधं क्षारपाणी
त्याला चेपत चेपत सुतासारखं करतं.
इतक्या अरुंद जागी भोवरे उठत नाहीत.
धारा एकमेकींना खेटून चालतात, न मिसळता.
युरिया तेवढा झिरपून बाजूला होतो
आणि उघडं पडलेलं प्रथिन
स्वतःला आवरायला घेतं.

बाटलीवर पत्ता जर्मनीचा. पण युरिया म्हटलं
की मला मेसईदच्या धक्क्यावरची जहाजं दिसतात
आणि पार दुसऱ्या टोकाला आमचं तासगावचं दुकान,
पोत्यांच्या थप्पीवर बसून पाढे म्हणणारी मी.
ती पोती हेच करत असतील
हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

या वाटेत अंतर हीच वेळ.
एक मिलिमीटर, एक मिलिसेकंद.
भिंग पुढे सरकवलं की पुढचा क्षण,
मागे आणलं की मागचा, तसाच,
अजून घडत असलेला.
सहा वर्षं हे करतेय. अजून खरं वाटत नाही.

परवा आत्या फोनवर म्हणाली,
बसली का गं घडी, दोह्यात?
कुठल्या मिलिमीटरवर उभी राहून सांगू?

प्रथिनाच्या दोन टोकांना दोन रंग लावलेत.
टोकं जवळ आली की हिरवा विझतो, लाल उजळतो.
तिसऱ्या मिलिमीटरपर्यंत लाल चढत गेला,
मग आडवी रेघ. चौथा, पाचवा, सहावा.
थांबलंय, मुअतसिम म्हणाला.
नाही, चाचपडतंय, मी म्हणाले,
आणि मग आठवलं, ओम्दुरमानहून
त्याला सात महिने फोन नाही.

तीन दहाला दाब वाढला.
सातव्याच्या अलीकडे एक कण, धुळीचा,
भिंगाखाली डोंगराएवढा.
धार त्याला वळसा घालून चालली होती
आणि त्याच्या आडोशाला काही रेणू अडकले होते,
लालभडक, घडी पूर्ण झालेले.
किती वेळात, ते आता कळणार नव्हतं.

मुअतसिमनं डबा उघडला,
दुसरी चिप काढून उजेडात धरली.
फुंकर मारू नकोस, मी म्हणाले.